मुंबई ते न्यूयॉर्क: १२,५३० किलोमीटरला नेमके किती तास धरायचे?

मृदुला_लाँगआयलंड

नमस्कार मंडळी,

एप्रिलअखेरीस आई-बाबांना इकडे आणायचंय. दोघं नाशिकला असतात, म्हणजे मुंबईहून विमान आणि इकडे न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, एका जागी फार वेळ बसवत नाही. त्यामुळे मला भाड्याची चिंता नंतर, तासांची आधी.

पण तासांचा मेळच लागत नाही. अंतर सांगणारी संकेतस्थळं मुंबई ते जेएफके १२,५३० किमी आणि 'सुमारे १४ तास' असं दाखवतात. तिकिटाच्या पानावर थेट विमानाला १६ तासांच्या आसपास वेळ दिसते. ओळखीचे एक एजंट फोनवर 'बारा-तेरा तासांत पोचतील' असं छातीठोकपणे सांगून मोकळे झाले. आखातातून जाणारी तिकिटं १९ तासांपासून पार २६ तासांपर्यंत. आणि परवा बाबांनी विचारलं, 'रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचतो असं लिहिलंय, म्हणजे साडेपाचच तास?'

किलोमीटर तेच असताना तासांत एवढा फरक का, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी थेट विमान बरं की मध्ये उतरणारं, हे जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

नकाशावेडा

मृदुलाताई, आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तुम्ही एप्रिलमध्ये आणताय, तेव्हा साडेपाचात साडेनऊ मिळवा: १५ तास. हेच वेळापत्रक जानेवारीत असतं तर १६ झाले असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपल्याकडे ही भानगड नाही, म्हणून दरवेळी हिशेब करावा लागतो.

आता अंतर. १२,५३० हा आकडा बरोबर आहे, फक्त तो विमानाच्या रस्त्याचा नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली जवळात जवळची रेघ म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा, आणि संकेतस्थळं त्याचीच लांबी देतात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं तसा तो अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा पश्चिमेला जात नाही. मुंबईतून निघतानाच तो उत्तर-वायव्येला तोंड करतो. कच्छ, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया, पुढे हेलसिंकीच्या जवळून स्वीडन-नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. आइसलँडच्या थोडं अलीकडे तो जवळजवळ ६५ अंश उत्तरेला पोचतो.

या दोऱ्यामुळे आणखी एक गोष्ट कळते. मुंबई ते लंडन साधारण ७,२०० किमी आणि लंडन ते जेएफके ५,५५० किमी. बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरनी जास्त. दुबईमार्गे गेलात तर १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०, म्हणजे सव्वाचारशे किमी जास्त. विमानाला हे अर्ध्या तासाचं काम. तेव्हा आखाताच्या तिकिटावर जे पाच-दहा तास वाढलेले दिसतात ते वाट वाकडी झाल्यामुळे नाहीत, ते सगळे जमिनीवरचे आहेत.

संकेतस्थळांचा 'वेळ' तर नुसता भागाकार असतो. १२,५३० भागिले ताशी ९००, म्हणजे १३ तास ५५ मिनिटं. त्यात ना वारा, ना वळसा.

आकाशवाट

नकाशावेडांनी वारा आणि वळसा असा उल्लेख केलाच आहे, तिथूनच पुढे लिहितो. नोकरीची सगळी वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात गेली, त्यामुळे या विषयावर लिहायला मनापासून आवडतं. थोडं लांबेल.

मोठी विमानं हवेत ताशी साधारण ९०० किमी वेगाने जातात. पण हा वेग हवेच्या संदर्भात. ती हवाच समोरून ताशी ५० किमीने येत असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमान ८५० नेच पुढे सरकतं. विमानं ज्या उंचीवर उडतात, म्हणजे ९ ते १२ किमी, तिथे उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा झोत असतो, तो जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ताशी २५० किमी किंवा त्याहूनही जास्त वेग काही नवलाचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. मधे एका टप्प्यावर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. विमान तेच, इंजिनं तीच, फक्त वारा पाठीशी.

आई-बाबांना जाताना हा वारा समोरून असणार, परतताना पाठीशी. ढोबळ हिशेब करू. प्रत्यक्षातला रस्ता १३,२०० किमी धरा आणि वेग ८५०. झाले साडेपंधरा तास. त्यात मुंबईला गेट सोडल्यापासून धावपट्टीपर्यंतचा आणि जेएफकेला उतरल्यापासून गेटपर्यंतचा वेळ मिळवा. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. म्हणून तिकिटावर १६ दिसतात. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, हवेतली नव्हे. येताना तोच हिशेब १४ तासांच्या आसपास येतो. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारी बाराला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मुंबईत, असं.

कमी किलोमीटर म्हणजे कमी तास असं धरून चालू नका. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं, तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी झालं, म्हणजे १,४०० किमी जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! पूर्वेला जाताना वारा पाठीशी होता. पृथ्वी गोल असल्याचा असा रोकडा फायदा क्वचित बघायला मिळतो.

आता वळसा. नकाशावेडांनी दोऱ्याखाली येणारे देश सांगितले, त्यातला पहिलाच अडथळा पाकिस्तान. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ अखेरीपासून १६ जुलैपर्यंत त्यांचं आकाश बंद होतं. पुन्हा २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी ते भारतीय विमानांसाठी बंद केलं आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. याची मोठी झळ दिल्लीला बसते. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. मुंबईचं तसं नाही, समोर अरबी समुद्र मोकळा आहे. विमान आधी पश्चिमेला ओमानच्या दिशेने जातं आणि मग वर वळतं. वळसा पडतोच, पण दिल्लीइतका नाही. आखात किंवा इराणच्या बाजूला तणाव वाढला, जसा जून २०२५ मध्ये वाढला होता, की मात्र मुंबईचाही रस्ता अरुंद होतो.

दुसरा अडथळा रशिया. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. हेलसिंकी–टोकियो हा फिनएअरचा साडेनऊ तासांचा प्रवास त्यामुळे तेरा तासांवर गेला. याची दुसरी बाजूही आहे. जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरवावं लागलं. दोनशेच्या वर प्रवासी तिथे अडकले, दुसरं विमान पाठवून त्यांना न्यावं लागलं. जवळचा रस्ता निवडताना खाली उतरायला जागा कुठली, हेही बघावं लागतं.

म्हणून सांगतो, मृदुलाताई, संकेतस्थळाचा आकडा सोडून द्या. ज्या विमानाचं तिकीट काढणार त्याच क्रमांकाच्या विमानाला गेल्या दोन-तीन आठवड्यांत रोज प्रत्यक्ष किती वेळ लागला, ते फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर बघा. खरा आकडा तोच.

कोल्हापूरचा_वाचक

फार छान माहिती. एक शंका, बालिश वाटली तरी विचारतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क आपोआप जवळ येत असेल ना? मग उलट जाताना वेळ कमी लागायला हवा.

आकाशवाट

अजिबात बालिश नाही, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेला फिरते. विमान उडायच्या आधी जमिनीवर उभं असतं, तेव्हा तेही त्याच वेगाने फिरत असतं, आणि भोवतालची हवाही. उडाल्यावर तो वेग कुठे जात नाही. विमानाला पोहायचंय ते हवेत, आणि हवा पृथ्वीबरोबर फिरतेच आहे. हवेची जमिनीच्या तुलनेत जी जास्तीची हालचाल असते, तिलाच आपण वारा म्हणतो. विमानाला फरक पडतो तो तेवढ्याचाच.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, फक्त आडून. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वरून ध्रुवाकडे सरकते तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच जेट स्ट्रीम तयार होतो.

शिकागोची_सुनंदा

माझं मत जरा वेगळं पडेल. सगळेजण डोळे झाकून थेट विमान सुचवतात. माझ्या सासूबाईंचे गुडघे असेच आहेत आणि सोळा तास एका खुर्चीत त्यांना अक्षरशः शिक्षा वाटली. पुढच्या वेळी आखातातून आणलं. तीन तासांचं विमान, चार तास विमानतळावर पाय मोकळे, मग चौदा तास. एकूण वेळ वाढला, पण त्या उतरल्या तेव्हा चालत होत्या.

अबू धाबीचा एक फायदा लक्षात ठेवा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. इकडे उतरल्यावर देशांतर्गत विमानातून उतरल्यासारखं सरळ बाहेर. लांबच्या प्रवासानंतर रांगेत उभं राहणं टळतं.

नकाशावेडा

सुनंदाताई, पण गणित बघा ना. तीन आणि चौदा, म्हणजे दुसरा टप्पा तरीही चौदा तासांचाच! थांबा अगदी सुरुवातीला येतो, माणूस ताजातवाना असताना. खरी विश्रांती हवी असेल तर अंतर जिथे मध्याजवळ तुटतं तिथे थांबायला हवं. लंडन किंवा फ्रँकफर्टला साडेनऊ-दहा तास आणि मग आठ-नऊ. गुडघ्यांसाठी ते जास्त सोयीचं. व्हिसाचे नियम मात्र आधी तपासायला हवेत, युरोपात काही ठिकाणी नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो.

शिकागोची_सुनंदा

मुद्दा मान्य. पण पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांना आखातात हिंदी बोलणारं कोणीतरी भेटतंच, व्हीलचेअर घेऊन येणारा मुलगाही बऱ्याचदा आपल्याकडचाच असतो. सासूबाईंना त्याचाच धीर वाटला. फ्रँकफर्टला तसं होईलच असं नाही. तासांच्या हिशेबात हा धीर कुठे धरायचा ते ज्याने त्याने ठरवावं.

डॉ_अनघा

बाबांच्या इन्सुलिनबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. मुंबईतल्या मध्यरात्री सुरू झालेला तो 'दिवस' न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीपर्यंत मोजला तर चोवीस अधिक साडेनऊ, म्हणजे साडेतेहतीस तासांचा होतो. घड्याळ बघून डोस घेतले तर गोंधळ होणार. काही रुग्णांना मधे जादा डोस लागतो, काहींना नाही. इन्सुलिनचा प्रकार कुठला यावर ते अवलंबून आहे. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांच्या डॉक्टरांकडे विमानाच्या वेळा घेऊन जा आणि तासांप्रमाणे कागदावर वेळापत्रक लिहून घ्या. परतताना दिवस आखूड होतो, त्यासाठी वेगळा कागद. ग्लुकोमीटर हाताशी, सोबत खाण्याचं काहीतरी. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचं, सामानात टाकायचं नाही. सामानकक्षातल्या थंडीने ते गोठलं तर निकामी होतं. प्रिस्क्रिप्शनची इंग्रजीतली प्रत सोबत हवी.

आईंसाठी: चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं आहे. मुळात धोका कमी असतो, घाबरण्याचं कारण नाही, पण काळजी घ्यावी. वाटेकडेची सीट, दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी, बसल्या जागी घोटे फिरवणं, भरपूर पाणी. दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारून, पायाच्या मापाचेच घ्या. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणीच न पिणं ही आपल्याकडच्या बायकांची सवय आहे, ती या प्रवासात मोडायला सांगा.

आणि एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० अशा नव्या विमानांत तो साधारण १,८०० मीटर उंचीवरच्याइतका असतो, जुन्या बनावटीच्या विमानांत २,४०० मीटरपर्यंत. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे सोळा तास कळसूबाईपेक्षा उंच जागी बसून राहायचं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

जुनी_पानं

अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. एअर इंडियाने ८ जून १९४८ ला मुंबई–लंडन सेवा सुरू केली, 'मलबार प्रिन्सेस' नावाच्या कॉन्स्टेलेशन विमानाने, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. न्यूयॉर्क गाठायला मे १९६० उजाडलं. बोइंग ७०७ आलं तेव्हा, तेही लंडनमार्गेच. मुंबई–न्यूयॉर्क एका दमात जायला त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ गेला. अंतर तेच होतं, पण एवढं इंधन पोटात घेऊन उडणारं विमानच नव्हतं. आज बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर मावतं. आणि सिंगापूर–न्यूयॉर्क विमान तर १५,३०० किमीच्या वर जातं, अठरा तासांहून जास्त.

नाशिककर_प्रवासी

मंडळी, सगळे आकाशातलेच तास मोजताय. आई-बाबा नाशिकहून निघणार. कसारा घाट, भिवंडीची गर्दी, पुढे शहरातली वाहतूक धरून टर्मिनल २ पर्यंत साडेचार तास हातात ठेवा. तीन तास आधी पोचायचं. विमानाचे सोळा. इकडे इमिग्रेशन, सामान, पार्किंग मिळून दोन. झाले साडेपंचवीस तास. थेट विमान घेतलं तरी घरापासून घरापर्यंत हे एवढं आहे. त्यात मध्ये आठ तासांचा थांबा घातला की साडेतेहतीसच्याही पुढे. माझा सल्ला एकच: पहाटे दोनचं विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारीच अंधेरीत नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात जा, जेवून चार तास झोपा आणि मग विमानतळ गाठा. सोळा तास सहन होतात, पण त्याआधी आख्खा दिवस जागून काढलेला असेल तर नाही.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आईंना थोडंफार चालता येत असलं तरी. विमानतळावरचं चालणंच किलोमीटर-दीड किलोमीटर होतं.

आणि जेएफकेच्या पुढे दुसरं विमान घ्यायचं असतं तर पहिल्या विमानतळावरच सामान घेऊन पुन्हा द्यावं लागलं असतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, ही मोठीच सोय आहे.

मृदुला_लाँगआयलंड

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या नेमक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती.

आकाशवाट यांनी सांगितल्याप्रमाणे त्या विमानाचा मागच्या तीन आठवड्यांचा इतिहास बघितला. हवेतला वेळ साधारण पंधरा ते सोळा तासांच्या मधे खालीवर होतोय, एकच दिवस त्याच्या बाहेर गेलेला. म्हणजे तिकिटावरचे सोळा प्रामाणिक आहेत. भावाशी बोलले, तो दोघांना आदल्या दुपारी अंधेरीला मावशीकडे घेऊन जाईल. थेट विमानच घेतेय. सुनंदाताई, तुमचा धीराचा मुद्दा मनाला पटला, पण बाबांच्या इन्सुलिनच्या कागदावर एकच लांब टप्पा असणं डॉक्टरांनाही सोपं वाटलं. आईला वाटेकडेची सीट, बाबा तिच्या शेजारी, व्हीलचेअर दोघांनाही मागितली आहे. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं, घड्याळं बदलायच्या आधीचं.

एक शेवटचं विचारते. विमान कुठवर आलं ते बघून मी घरातून कधी निघावं?

आकाशवाट

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या आसपास दिसलं की अजून साडेतीन-चार तास आहेत, तुम्ही स्वयंपाक आटपा. न्यूफाउंडलंडवर आलं की दोन-सव्वादोन तास. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला तास-दीड तास सहज जातो. तेव्हा विमान बॉस्टनजवळ आलं की लाँग आयलंडहून निघालात तरी वेळेत पोचाल. बाबांच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग आधीच सुरू करून घ्या, म्हणजे बाहेर आल्यावर कुठल्या दरवाज्याशी उभे आहेत ते कळवता येईल.